कारखाना गेला, शिसे राहिले

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराचे नाव निघताच शिशाने दूषित झालेले पाणी आठवते. आणि ज्या शहरात १९०८ साली जनरल मोटर्स कंपनीची स्थापना झाली, तेथील पाणी मोटारींच्या कारखान्यांनीच नासवले असणार, असे अनुमान पुष्कळजण सहजगत्या बांधतात. ते चुकीचे आहे. २०१४ च्या एप्रिलपासून फ्लिंट नदीचे पाणी गंजरोधक प्रक्रियेवाचून शहराला पुरवले गेले आणि घरोघरच्या जुन्या नळांतले शिसे त्यात उतरले. मात्र याच शहराच्या उत्तर भागात, चारशे एकरांहून अधिक विस्ताराच्या ज्या ‘ब्यूइक सिटी’तून १९९९ साली शेवटची मोटार बाहेर पडली, तेथील जमिनीतही शिसे आहे, आणि त्याची वागणूक नळातल्या शिशाहून सर्वस्वी भिन्न आहे.

मातीतले शिसे चिकणमाती, सेंद्रिय द्रव्ये आणि लोहाची ऑक्साइडे यांना घट्ट बिलगून वरच्या थरातच मुक्काम करते. बॅटरीतील आम्ल सांडून माती तीव्र आम्लधर्मी झाली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ते भूजलापर्यंत क्वचितच पोहोचते. ते माणसापर्यंत येते ते धुळीतून, आणि विशेषतः मातीत खेळून तोच हात तोंडात घालणाऱ्या बालकाच्या बोटांवरून. शिशाची अमुक मात्रा बालकांच्या मेंदूस निर्धोक आहे, असे आजचे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. म्हणून जाणकार तपासनीस पृष्ठभागाच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीचा नमुना खालच्या मातीत न मिसळता स्वतंत्र घेतो. हातभर खोल खणून सारी माती एकत्र कालवली, तर जी धूळ प्रत्यक्ष पोटात जाणार तिचाच दोष झाकला जातो.

ब्यूइक सिटीतून शेवटची मोटार बाहेर पडून पंचवीसहून अधिक वर्षे लोटली, शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत १९९६ साली आणि भारतात २००० साली रस्त्यांवरून हद्दपार झाले, तेव्हा आता काय उरले असेल, हा प्रश्न वरकरणी रास्त वाटतो. सांडलेले तेल जिवाणू कालांतराने विघटित करतात. शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन संभवतच नाही. सूर्यफुले लावून जमीन शुद्ध करण्याची कल्पना रम्य आहे, परंतु मुळे मातीतून इतके थोडे शिसे उचलतात की त्या भरवशावर पिढ्यान् पिढ्या जातील. शिवाय पेट्रोल हा अनेक उगमांपैकी एक. मोटारीच्या पत्र्यांचे सांधे पूर्वी शिसे व कथिल यांच्या डाखाने भरून घासून गुळगुळीत करीत, आणि तो कीस जमिनीवर पडे. लोखंडावरच्या अस्तराला शेंदूर, म्हणजे शिशाचेच एक ऑक्साइड, वापरीत. त्याखेरीज शिशाचा पिवळा रंग, रेडिएटरचा डाख, चाकांचा तोल साधणारी वजने आणि बॅटऱ्या होत्याच.

या विविध उगमांमुळेच शिसे जमिनीवर सारख्या प्रमाणात पसरत नाही, आणि सर्वांत घातक गैरसमज मला येथेच दिसतो: एक नमुना निर्दोष निघाला, म्हणजे जमिनीला दाखला मिळाला. एका एकराचा इंचभर थर सुमारे दीडशे टन भरतो, आणि प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लात विरघळवली जाते ती माती एखादा ग्रॅम. त्या ग्रॅमभर मातीत अर्धा मिलिमीटर व्यासाचा शुद्ध शिशाचा एकच कण आला, तरी निकाल किलोमागे सातशे मिलिग्रॅमांहून अधिक फुगतो. तो हातभर अंतरावर राहिला, तर तीच जमीन निष्कलंक ठरते. म्हणून नमुना वाळवून बारीक चाळणीतून गाळावा लागतो, जुन्या नकाशांवरून रंगशाळा व बॅटरीच्या खोल्या कोठे होत्या ते शोधावे लागते, आणि प्रत्येक भागातून अनेक ठिकाणची माती घ्यावी लागते. यातला अर्धा शहाणपणा दप्तरातला आहे.

क्ष-किरणांचे हातयंत्र मिनिटभरात आकडा दाखवते आणि कोठे अधिक खणावे हे सुचवण्यास ते अमोल आहे. परंतु ओल्या मातीत ते कमी दाखवते, आणि आर्सेनिक व शिसे यांच्या खुणा जवळजवळ एकाच जागी उमटत असल्याने एकाची छाया दुसऱ्यावर पडते. काही नमुने प्रयोगशाळेत पडताळल्यावाचून त्याचा निकाल अंतिम मानू नये. आपल्याकडे जुन्या गॅरेजच्या जागेवर भाजीपाला लावू पाहणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की मृद आरोग्य पत्रिकेतील बारा घटकांत शिशाचा समावेश नाही. त्याची तपासणी निराळी मागून घ्यावी लागते.

आकडा हाती आला तरी फैसला होत नाही. मिशिगनने निवासी जमिनीसाठी किलोमागे ४०० मिलिग्रॅम आणि अन्य वापरासाठी ९०० अशा मर्यादा ठरवल्या. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०२४ च्या जानेवारीत निवासी मातीसाठीची आपली ४०० ची तपास-पातळी २०० वर आणली. म्हणजे काल निर्दोष ठरलेले अंगण, मातीचा कणही न हलता, आज पुनर्विचारास पात्र झाले. जनरल मोटर्सच्या २००९ च्या दिवाळखोरीनंतर अशा जमिनींच्या शुद्धीसाठी २०११ साली रेसर हा न्यास स्थापन झाला आणि चौदा राज्यांतील एकोणनव्वद मालमत्ता त्याच्या ताब्यात आल्या. एवढ्या जमिनींतली सगळी माती उचलून नेणे शक्य नसते. पुष्कळदा स्वच्छ माती अथवा फरसबंदी घालून दूषित थर झाकतात आणि निवासास मनाई करणारा निर्बंध दस्तऐवजात नोंदवतात. हे आच्छादन कोणी खणेपर्यंतच टिकते, म्हणून नव्या शेडसाठी चर खणण्यापूर्वी खरेदीदाराने तो दस्त वाचला पाहिजे आणि चरातून निघणाऱ्या मातीची परीक्षा पुन्हा करून घेतली पाहिजे.