आई साइडकारमध्ये, लेक फटफटीवर!

फटफटी म्हणजे पुरुषांचा प्रांत, आणि त्यातून हार्ले-डेव्हिडसनसारखं अमेरिकन धूड म्हणजे तर बोलायलाच नको! लांबच्या प्रवासासाठीच्या त्यांच्या आजच्या मोठ्या गाड्या साडेतीनशे किलोंच्याही वर भरतात. पण मैत्रिणींनो, याच कंपनीच्या गाडीवरून 1915 साली दोन बायकांनी अख्खी अमेरिका पार केली. आणि त्या होत्या चक्क मायलेकी!

एफी हॉचकिस ही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली मुलगी. तिनं गाडीला साइडकार जोडली, त्यात आईला, म्हणजे एव्हिसबाईंना बसवलं आणि निघाली थेट सॅन फ्रान्सिस्कोला! तेव्हा सलग डांबरी रस्ते कुठले? कुठे गुडघाभर चिखल, कुठे वाळवंटातला रखरखाट. न्यू मेक्सिकोत जवळच्या ट्यूबा संपल्या. मग काय केलं असेल? सरळ ब्लँकेट कापलं, गुंडाळलं आणि टायरमध्ये कोंबलं! अडल्या वेळी जुन्या लुगड्याचे दहा उपयोग करणाऱ्या आपल्याला याचं कौतुक वाटणारच.

येताना त्यांनी अटलांटिक समुद्राचं पाणी बरणीत भरून आणलं होतं. ते त्यांनी पॅसिफिकमध्ये ओतलं. काशीची गंगा रामेश्वराला नेणाऱ्यांना यातला भाव समजावून सांगायला नको. आणि मग त्याच गाडीवरून दोघी घरी परतल्या.

पुढे 1965 साली या कंपनीच्या ‘इलेक्ट्रा ग्लाइड’ला बटण दाबून सुरू होण्याची सोय आली, लाथा मारायचे कष्ट वाचले. एफीच्या नशिबी ते सुख नव्हतं. होती ती शेजारी बसलेली आई.

तेव्हा उद्या लेकीनं गाडीची किल्ली मागितली, तर “कशाला गं?” म्हणण्याआधी एव्हिसबाईंना जरूर आठवा!