थरावर थर, तळाचा शोध

नववी-दहावीच्या वर्गात समुद्रविज्ञान शिकवायचं, तर समुद्र आणायचा कुठून? संगणकावरच्या नकाशातून! जीआयएस प्रणालीत माहितीचे थर एकावर एक ठेवता येतात. आधी समुद्रतळाच्या खोलीचा थर उघडायचा, मग त्यावर भूकंपकेंद्रांचे ठिपके टाकायचे. अटलांटिकच्या मधोमध ठिपक्यांची माळ थेट पर्वतरांगेच्या कण्यावर उमटते. मुलं विचारतात, ‘इथंच का?’ खरा धडा तिथून सुरू होतो.

हीच युक्ती १९५०च्या दशकात अमेरिकेत कागदावर झाली. मेरी थार्प यांना स्त्री म्हणून संशोधन-जहाजावर प्रवेश नव्हता. इतरांनी आणलेल्या खोलीच्या नोंदींवरून आलेख काढताना १९५२मध्ये त्यांना या रांगेच्या माथ्यावर खचदरी दिसली. सहकारी ब्रूस हीझन यांनी ते आधी उडवून लावलं. पुढे त्याच प्रमाणाचा भूकंपांचा नकाशा खालून दिवा असलेल्या टेबलावर थार्प यांच्या नकाशावर ठेवला, तर ठिपके नेमके दरीत! तिथं जमीन दुभंगते आणि वर येणाऱ्या लाव्हापासून नवा सागरतळ घडतो.

आता नकाशा अरबी समुद्राकडे सरकवा. कार्ल्सबर्ग रांगेवरही तशीच माळ दिसेल.