तुझे देव किती?

हेमलकशात मी आडनाव सांगितलं, मुलाणी. माडिया म्हाताऱ्याने विचारलं, ‘‘देव किती?’’ म्हटलं, ‘‘एकच.’’ तो हसला, ‘‘मग तुमच्यात सगळेच भाऊबंद! लग्न कुणाशी करता?’’

आमचं आडनाव गावकीतल्या कामावरून पडलेलं. ते सोयरीक अडवत नाही. गोंडांत आडनाव म्हणजे कूळ, आणि कुळं देवांच्या संख्येने बांधलेली: चार, पाच, सहा, सात. सारख्या देवांची माणसं भाऊबंद, त्यांच्यात लग्न नाही. आत्राम अहेरीच्या राजघराण्याचं आडनाव, तेच साध्या शेतकऱ्याचंही; दोघांना नियम एकच. शाळेच्या दाखल्यावर आडनाव येतं, देव येत नाहीत.

म्हाताऱ्याची नात नागपूरला शिकते. तिने मुलगा पसंत केलाय. आडनाव वेगळं, देव मात्र तेवढेच. गावाची बैठक अजून बसायची होती.