साउथवर्कची ‘जॉर्ज’ सराई

‘पब’ म्हटला की मद्याचा पेला आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु इंग्लंडातील कित्येक जुने पब मुळात वाटसरूंच्या मुक्कामासाठी निर्माण झाले. लंडनमध्ये, थेम्सच्या दक्षिण तीरावरील साउथवर्क येथील ‘जॉर्ज’ हा त्याचा उत्तम दाखला होय.

शतकानुशतके दक्षिणेकडून लंडन शहरात शिरण्यास लंडन ब्रिज हा एकच पूल होता. वेस्टमिन्स्टरचा पूल खुला झाला तो १७५० साली. लंडन ब्रिजचे दरवाजे रात्री बंद होत. साहजिकच उशिरा पोहोचलेला प्रवासी अलीकडच्या तीरावरच उतरे आणि पुलाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सरायांची रांगच उभी राहिली. जॉन स्टो याने १५९८ साली प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या वर्णनग्रंथात या सरायांमध्ये ‘जॉर्ज’चेही नाव आढळते. शेजारच्या ‘टॅबर्ड’मधूनच कवी चॉसरने आपल्या काव्यातील यात्रेकरूंना कँटरबरीच्या वाटेस लावले.

१६७६ सालच्या आगीत या दोन्ही सराया भस्मसात झाल्या. आज दिसते ती ‘जॉर्ज’ची वास्तू त्यानंतर बांधलेली आहे. तिची रचना आपल्या चौसोपी वाड्याची आठवण करून देणारी होती. मध्ये चौक, भोवती माड्या आणि माड्यांना चौकाच्या अंगाने लाकडी सज्जे. खाली घोडागाड्या थांबत. वर उतारू सज्जांवरून आपापल्या खोलीत जात.

१८३६ साली लंडन ब्रिजपाशी रेल्वेस्थानक झाले. आगगाड्यांचे जाळे पसरले, तशा घोडागाड्या ओसरल्या आणि सरायांचा आधार तुटला. ‘टॅबर्ड’ १८७३ साली पाडण्यात आली. ‘जॉर्ज’ तर एका रेल्वे कंपनीच्याच हाती गेली. कंपनीला ही वास्तू द्वेषाने पाडावयाची नव्हती. तिला आपल्या कामासाठी जागा हवी होती, इतकेच. जुन्या वास्तू बहुधा अशा साध्या हिशेबापायीच नाहीशा होतात. १८८९ साली चौकाच्या दोन बाजू गेल्या. दक्षिणेची तेवढी उरली.

पुढे १९३७ साली तिच्याच वारसदार कंपनीने हा उरलेला भाग नॅशनल ट्रस्ट या संस्थेस अर्पण केला. लंडनमधील सज्जांची ही आता एकमेव सराई आहे. ट्रस्टने तिचे संग्रहालय केले नाही, हे विशेष. तेथे मुक्कामास आता कोणी उतरत नाही; परंतु पब चालू आहे आणि त्याच चौकात आजही लोक बसतात.