नाईलकाठचे दोन शेजारी : इजिप्शियन आणि नुबियन

आज आपण दोन शेजाऱ्यांची तुलना करणार आहोत. त्यातला एक जगप्रसिद्ध आहे. दुसऱ्याचं नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ओझरतंच ऐकलेलं असेल. पण आधी एक अडचण ओळखून घेऊ. दोघांच्या शेजाराचा काळ काही हजार वर्षांचा, आणि त्यातल्या फार मोठ्या काळात लिहीत होता तो एकटा इजिप्त.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. चार्वाकांचं मत आपण मुख्यतः कुठे वाचतो? त्यांच्या विरोधकांनी मांडलेल्या पूर्वपक्षात. विरोधक खोटंच सांगतो असं नव्हे. पण काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे तो ठरवतो. नुबियाचं नेमकं तसंच झालं. मग अशा वेळी आपण वाचायचं कसं?

आधी भूगोल पाहू. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. आस्वानजवळ तिच्या पात्रात खडक वर आलेले आहेत, तो पहिला प्रपात. त्याच्या उत्तरेला इजिप्त. दक्षिणेला, आजच्या खार्टूमच्या दिशेने, नुबिया. इजिप्तकडे पुराच्या गाळाची सुपीक जमीन होती. नुबियात शेतीचा पट्टा बऱ्याच ठिकाणी अरुंद. तिथे गुरांचं मोल मोठं. पण नुबियात सोनं होतं, आणि हस्तिदंत, आबनूस, कातडी हा आणखी दक्षिणेचा माल त्याच वाटेने वर यायचा. म्हणजे बघा, इजिप्तला शेजारी नको होता, पण शेजाऱ्याकडचं सगळं हवं होतं.

इजिप्तचे राजे या प्रदेशाला कुश म्हणत, आणि त्यामागे 'क्षुद्र', 'नीच' अशा अर्थाचं विशेषण हमखास लावत. इ.स.पू. १९ व्या शतकात तिसऱ्या सेनुस्रेतने सेमना इथे सीमेचा शिलालेख कोरला. त्यात कोणाही नुबियनाने ही हद्द ओलांडून उत्तरेला येऊ नये, असा हुकूम आहे. मात्र पुढे अपवादही आहे : व्यापारासाठी किंवा दूत म्हणून येणाऱ्याला मुभा. आता हा अपवादच आपल्याला जास्त सांगतो. येणं-जाणं होतं, देवघेव होती, दूत पाठवण्याइतकी राज्यव्यवस्थाही होती. आणि शेजारी खरोखर क्षुद्र असता, तर बुहेनसारखे जाड तटांचे किल्ले बांधायची गरज काय होती? इजिप्तच्याच असियूतमध्ये एका अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या सापडल्या : ४० इजिप्शियन भालाईत आणि ४० नुबियन तिरंदाज. ज्याला शिलालेखात हिणवायचं, त्याच्याच धनुष्यावर भरवसा ठेवायचा.

तेव्हा पहिला नियम हा, की शब्द ऐकावेत, पण ते कृतीशी ताडून पाहावेत.

दुसरा नियम केर्मा शिकवतं. तिसऱ्या प्रपाताजवळचं हे शहर. विटांच्या एका प्रचंड वास्तूचे अवशेष तिथे आजही उभे आहेत आणि दफनभूमीत राजांचे भव्य ढिगारे आहेत. अमेरिकन उत्खननतज्ज्ञ जॉर्ज रीझनर यांनी १९१३ नंतर तिथे काम केलं. त्यांना थडग्यांत इजिप्शियन पुतळे मिळाले. त्यांचा निष्कर्ष : इथे इजिप्तचे सुभेदार राहत असणार. एवढं वैभव नुबियनांचं असू शकेल, हे त्या काळच्या वंशविषयक समजुतींत बसतच नव्हतं. पुढे स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने यांनी अनेक दशकं उत्खनन केलं आणि ती एका स्वतंत्र नुबियन राज्याची राजधानी असल्याचं स्पष्ट झालं. २००३ मध्ये तर इजिप्तमधल्या अल-काब इथल्या एका थडग्यात लेख सापडला : कुशने आपल्या मित्रांसह इजिप्तवर स्वारी केली होती! एका प्रांताधिपतीने ते लिहून ठेवलं. राजे असल्या गोष्टी सहसा दगडावर कोरत नाहीत. तर नियम असा : वस्तू कोणाची, एवढ्यावरून सत्ता कोणाची हे ठरत नाही.

पुढे इ.स.पू. १५०० च्या सुमारास इजिप्तने नुबिया जिंकला आणि काही शतकं राज्य केलं. जेबेल बार्कल या डोंगराच्या पायथ्याशी अमूनचं देऊळ उभं राहिलं. सत्ता गेली, देव राहिला. इ.स.पू. आठव्या शतकात तिथलाच राजा पिये याने उलट इजिप्त जिंकला. त्याच्या शिलालेखात मोठा मार्मिक प्रसंग आहे. शरण आलेल्या राजांपैकी तिघांना महालात प्रवेश नाकारला. कारण ते मासे खाणारे आणि सुंता न झालेले, म्हणजे ओवळे! सोवळ्याओवळ्याचे नियम इजिप्तचे, आणि ते इजिप्तच्या राजांना शिकवतोय कुशचा राजा. ही नक्कल म्हणायची का? आपल्याला वाटतं, नाही. घेतलेली गोष्ट जो मनापासून पाळतो, ती त्याचीही होते. पिरॅमिडचंच पाहा. इजिप्तच्या राजांनी ते बांधणं सोडल्यावर कित्येक शतकांनी कुशच्या राजांनी ते आपल्या पद्धतीने, लहान आणि जास्त उभ्या चढणीचे बांधले. मेरोई, नुरी वगैरे मिळून २०० हून अधिक.

कुशची ही सत्ता असीरियनांनी संपवली. इ.स.पू. सहाव्या शतकात दुसऱ्या साम्तिकच्या काळात इजिप्तमधल्या स्मारकांवरची कुशच्या राजांची नावं छिन्नीने खोडली गेली. कुशने नंतर स्वतःची मेरोइटिक लिपी घडवली. तिची अक्षरं ग्रिफिथ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडली. पण भाषा अजून पुरती कळत नाही. म्हणजे उत्तरपक्ष अखेर बोलला, आणि आपल्याला तो नीट ऐकू येत नाही.

हा विषय फक्त जुन्या दगडांचा आहे, असं समजू नका. १९६० च्या दशकात आस्वानचं मोठं धरण झालं. अबू सिंबेलची देवळं कापून, दगडांना क्रमांक देऊन उंचावर नेली. जगाने ते कौतुकाने पाहिलं. त्याच पाण्याने इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० नुबियनांना कोम ओम्बोकडे हलवलं आणि सुदानमधल्याही तितक्याच लोकांना दूर खश्म अल-गिर्बाला जावं लागलं. रामसेसने नुबियात स्वतःच्या गौरवासाठी कोरलेली देवळं वाचली. नुबियनांची गावं, खजुरीची बनं, वाडवडिलांच्या कबरी बुडाल्या. ते लोक आजही आपली भाषा बोलतात आणि नदीकाठी परतण्याची मागणी करतात.

म्हणून तुलनेत 'कोण श्रेष्ठ' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. एकाने आपलं लिहून ठेवलं आणि दुसऱ्याचं त्यानेच लिहिलं, हे ध्यानात ठेवून वाचणं कामाचं. दोन शेजाऱ्यांतला वाद एकाच्याच ओसरीवर बसून आपण कधी सोडवत नाही. इतिहासातही सोडवू नये.