गाळा ते गूगल (लेखांक 4) : मशिनला जमतं ते पानावर का नाही?

गेल्या आठवड्यात आपण एवढंच तपासलं, की आपली वेबसाइट गूगलच्या नोंदीत आहे की नाही. ज्यांनी अजून तपासलं नसेल त्यांनी आधी ते उरकावं. वर्डप्रेसवर साइट बांधताना ‘सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये’ अशा अर्थाची एक चौकट असते. काम चालू असताना बांधणारा तिथे टिचकी मारून ठेवतो आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते. तसं झालं असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. आज नोंद झालेली आहे असं धरून पुढे जाऊ. गूगलला आपण माहीत आहोत, तरी शोधणाऱ्याच्या पहिल्या पानावर आपण का येत नाही?

भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या दहा-पंधरा छोट्या वर्कशॉपच्या वेबसाइट ओळीने उघडून पाहा. वर हस्तांदोलन करणारी सुटाबुटातली माणसं, खाली गुणवत्ता आणि ग्राहकाचं समाधान यावर दोन परिच्छेद, मग ‘आमच्याबद्दल’, मग फोन नंबर. नाव झाकलं तर ही मशिन शॉप आहे, प्रेस शॉप आहे की पावडर कोटिंगवाले आहेत, ते कळत नाही. त्याच गाळ्यात प्रत्यक्ष गेलात, तर मालक चहा येईपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. व्हीएमसीचं टेबल केवढं आहे, किती मायक्रॉन रोजच्या रोज धरता येतात, एसजी आयर्नवर हात बसलाय की ॲल्युमिनियमवर, 50 नगांचा लॉट घेतो की नाही, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेरून करून देतो का. घेणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं आणि नेमकं हेच वेबसाइटवर नसतं. माझं मत ठाम आहे : या पट्ट्यातल्या लघुउद्योजकाला शोधयादीत वर यायचं असेल, तर त्याचं मोठं काम शॉपफ्लोअरवरचं ज्ञान पानावर उतरवण्याचं आहे. तांत्रिक कारागिरी त्यानंतर येते.

आता मुळातली शंका. आपल्याला काम गूगलवरून मिळतं का? मोठ्या वाहन कंपनीची नेहमीची ऑर्डर तशी मिळत नाही, हे खरं आहे. तिथे व्हेंडर कोड लागतो, ऑडिट होतं, आयएटीएफ 16949 विचारलं जातं, पीपीएपीची फाइल द्यावी लागते. पण त्या कंपनीच्या खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीत रोज काहीतरी अडतं. नव्या पार्टचे वीस नमुने आठवड्यात हवे असतात आणि नेहमीचा व्हेंडर एवढ्या छोट्या कामाला मशिन मोकळं करत नाही. मेंटेनन्सवाल्याला तुटलेल्या शाफ्टचा जोड करून हवा असतो. बाहेरगावच्या कंपनीला चाकणच्या ग्राहकाजवळ रीवर्क करून देणारं कुणीतरी हवं असतं. या माणसांची तुमच्याशी ओळख नसते. ती फोन काढतात आणि टाइप करतात, बहुधा इंग्रजीत : ‘इंडक्शन हार्डनिंग निअर चाकण’, ‘सिलिंड्रिकल ग्राइंडिंग जॉबवर्क भोसरी’, ‘स्मॉल बॅच व्हीएमसी मशिनिंग पुणे’.

आणि ओळखीबाहेरचा ग्राहक का हवा, हे या भागाने पाहिलेलं आहे. 1962मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. त्याच दशकात आकुर्डीत बजाज ऑटो आणि पिंपरीत टेल्को उभी राहिली आणि त्यांच्या भोवती भोसरीचे गाळे वाढले. एक-दोन मोठे ग्राहक सांभाळायचे, बाकी काम ओळखीतून यायचं, अशी दोन पिढ्यांची रीत पडली. पुढे तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना आला. 2017मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर 2020मध्ये उत्पादनही बंद झालं, आणि नंतर तो कारखाना ह्युंदाईने घेतला. मधल्या काळात ज्याच्या वहीत एकच नाव होतं त्याला नवी दारं शोधावी लागणारच. अशा वेळी अनोळखी माणसाला आपण सापडणं, ही चैन राहत नाही.

तेव्हा पान कसं लिहायचं ते बघू. पहिला नियम : एका प्रक्रियेला एक पान. टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, वेल्डिंग, सगळं एकाच ‘सेवा’ नावाच्या पानावर सहा चित्रांखाली कोंबलेलं असतं. गूगल यादी लावतं ती पानांची. ‘सिलिंड्रिकल ग्राइंडिंग’ शोधणाऱ्याला दाखवण्यासारखं, त्याच विषयाचं, पुरेसा मजकूर असलेलं पानच तुमच्याकडे नसेल, तर ते बिचारं यंत्र दाखवणार काय?

त्या पानावर काय असावं? ग्राइंडिंगचंच धरा. जास्तीत जास्त किती व्यासाचा आणि किती लांबीचा जॉब बसतो. किती टॉलरन्स नेहमी धरता, आणि एखाद्या वेळी खास काळजी घेऊन किती. कोणत्या धातूंवर काम करता : ईएन-8, ईएन-24, एसएस 304, हार्डन केलेला माल. तपासता कशावर : एअर गेज आहे का, सीएमएम स्वतःचं की बाहेरचं, रिपोर्ट देता का. किमान किती नग घेता. ड्रॉइंग मिळाल्यापासून कोटेशन किती दिवसांत जातं. माल आणणं-नेणं कुणाकडे. आणि शेवटी एक-दोन खरी कामं, चार ओळींत : लांब, बारीक शाफ्ट होता, वाकत होता, आम्ही आधार कसा दिला. ही शेवटची गोष्ट कुठल्याही विक्रीच्या भाषेपेक्षा जास्त पटते, कारण ड्रॉइंग हातात घेऊन बसलेल्या इंजिनिअरला आपलीच अडचण तिथे दिसते.

पुष्कळ मालक इथे दोन कारणांनी थांबतात. स्पर्धकाला आपली मशिनं कळतील, हे एक. ती शेजारच्या गाळ्यात केव्हाच माहीत असतात. मशिन विकणाऱ्याचा आणि मशिन बसवणाऱ्याचा वावर सगळीकडे सारखाच असतो. दुसरं कारण खरोखर महत्त्वाचं आहे : ग्राहकाचं ड्रॉइंग, पार्टचा फोटो, त्याचा लोगो. ते परवानगीशिवाय टाकू नका. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि एका फोटोपायी व्हेंडर कोड जाऊ शकतो. पार्ट न दाखवता फिक्स्चरशिवायचं मशिन, गेजचं टेबल, तपासणीची जागा दाखवता येते. कामाचं वर्णन ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर न घेता करता येतं.

दुसरी अडचण अगदी साधी, पण फार पसरलेली. मशिनची यादी असतेच, फक्त ती ब्रोशरच्या चित्रात अडकलेली असते. डिझायनरने सुंदर पोस्टर केलं, ते फोटो म्हणून साइटवर चढवलं. माणसाला ती अक्षरं दिसतात, पण शोधयंत्रासाठी तो मुख्यतः एक फोटो असतो. यादी टाइप करा. साध्या तक्त्यात, साध्या अक्षरांत.

मग पानाचं शीर्षक. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतं आणि बहुतेक वेळा गूगलच्या यादीत निळ्या ओळीत येतं, ते. शेकडो साइटवर तिथे ‘होम’ किंवा ‘वेलकम’ असतं. त्याऐवजी प्रक्रिया, जागा, कंपनीचं नाव, या क्रमाने लिहा : ‘सिलिंड्रिकल ग्राइंडिंग जॉबवर्क, भोसरी एमआयडीसी’ आणि पुढे नाव. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक. आणि कुणी ‘मेटा कीवर्ड भरून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. तो टॅग क्रम लावताना आपण वापरत नाही, हे गूगलने 2009मध्येच जाहीर केलं आहे.

आता जागेचा मुद्दा. यात आपल्या भागाच्या स्वतःच्या खोडी आहेत. ‘जवळचा’ असा शोध आला की गूगल नकाशाबरोबर जी यादी दाखवतं, ती मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : शोधाशी मेळ, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. ही यादी येते ती गूगल बिझनेस प्रोफाइलमधून. प्रोफाइल फुकट आहे आणि बहुतेक गाळ्यांचं आधीच तयार झालेलं असतं, कधी ग्राहकाने टाकलेलं, कधी आपोआप. ते ताब्यात घ्या. पहिलं काम वेळेचं. आपल्याकडे पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक भागात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. प्रोफाइलमध्ये मात्र सवयीने रविवार बंद आणि गुरुवार चालू लिहिलेलं असतं. रविवारी अडलेला मेंटेनन्सवाला ‘बंद’ वाचून पुढच्या नावाकडे जातो आणि तुमची शिफ्ट तेव्हा जोरात चालू असते.

दुसरं काम पत्त्याचं. ब्लॉक, प्लॉट नंबर, जवळचा चौक, पिनकोड, सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा : वेबसाइट, प्रोफाइल, इंडियामार्ट, जस्टडायल, संघटनेची यादी. एकीकडे जे ब्लॉक आणि दुसरीकडे जुन्या गाळ्याचा एस ब्लॉक राहिला, तर हा एकच व्यवसाय आहे की दोन, याबद्दल यंत्राला संशय आणि टेम्पोवाल्याला हेलपाटा. चाकणकडच्यांनी आणखी जपावं. चाकणजवळचं महाळुंगे इंगळे आणि बाणेर-बालेवाडीजवळचं म्हाळुंगे ही दोन वेगळी गावं. इंग्रजीत दोन्ही सारखीच लिहिली जातात आणि दोन्ही पुणे जिल्ह्यातच. पत्त्यात ‘चाकण, तालुका खेड, 410501’ स्पष्ट हवं आणि नकाशावरची खूण गेटवर हवी, गावाच्या मधोमध नको. निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी यांच्या इंग्रजी स्पेलिंगांचेही दोन-दोन प्रकार चालतात. एक निवडा आणि त्याला चिकटून राहा.

गाळा भोसरीत, पण काम चाकणचं हवं, असं पुष्कळांचं असतं. त्यासाठी चाकणचा खोटा पत्ता टाकून दुसरं प्रोफाइल काढू नका. उघडकीला आलं तर खरं प्रोफाइलही बंद पडू शकतं. तसंच एकच मजकूर घेऊन फक्त गावाचं नाव बदलत ‘भोसरीतील’, ‘तळवड्यातील’, ‘चाकणमधील’ अशी वीस पानं पाडून देणारे भेटतील. अशा पानांना गूगलच्या नियमांत स्पॅमच म्हटलं आहे. चाकणसाठी एक खरं पान लिहा : मोशीमार्गे नाशिक रस्त्याने माल रोज किती वाजता निघतो, मिल्क रन आहे का, तातडीचा नग त्याच दिवशी पोचवता का. हे खरं असेल तरच लिहा. असेल तर ते त्या वीस पानांपेक्षा भारी ठरेल.

लिंकांबद्दल थोडक्यात. दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक ही शिफारस मानायची, या कल्पनेवरच लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये गूगलचा पाया घातला. म्हणून लिंका विकायचा धंदा निघाला आणि 2012च्या पेंग्विन नावाच्या बदलाने अशा विकतच्या लिंकांवर बसलेल्या असंख्य साइट खाली ढकलल्या. छोट्या गाळ्याला खऱ्या लिंका मिळतात त्या आसपासच : मराठा चेंबरच्या किंवा लघुउद्योग संघटनेच्या सभासद-यादीत, मशिन विकलेल्या कंपनीच्या पानावर, विद्यार्थ्यांना शॉप दाखवली त्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बातमीत. पाच-सात पुरतात.

वेगाचंही तसंच. मोबाइलवर काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले की पान रेंगाळतं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हे गूगलचं माप आहे. फोटो लहान करून चढवले तर बहुतेक छोट्या साइटचं तेवढ्यानेच भागतं. तपासताना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाहू नका, शेडमध्ये उभं राहून फोनवर पाहा. गूगल आता साइटची मोबाइलवरची आवृत्तीच वाचतं.

‘महिन्यात पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी’ असा फोन तुम्हालाही येत असेल. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः लिहून सांगतं, आणि नेहमीच्या यादीतला क्रम पैसे घेऊन बदलत नाही. जाहिरात वेगळी, ती ‘प्रायोजित’ म्हणून वेगळी दिसते. चांगला माणूस मदतीला जरूर घ्या. तो पहिल्या भेटीत तुमची मशिनं बघायला मागेल आणि तुमचे ग्राहक काय विचारतात ते लिहून घेईल. जो मशिन न बघता एआयने दोनशे लेख पाडून देतो म्हणतो, त्याला नाही म्हणा. मार्च 2024पासून असा घाऊक भरणा गूगलच्या स्पॅमच्या नियमांत नावानिशी आला आहे. डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल या चारही गोष्टी तुमच्या ईमेलवर असू द्या, बांधणाऱ्याच्या नाही.

सर्च कन्सोल हे या सगळ्या कामाचं गेज आहे. ते फुकट आहे आणि मागच्या 16 महिन्यांपर्यंतची माहिती दाखवतं : कोणते शब्द शोधल्यावर तुमचं पान यादीत आलं, किती वेळा, सरासरी कितव्या जागी, आणि किती जणांनी ते उघडलं. शब्दांची ती यादी नीट वाचा. ‘थ्रेड रोलिंग’ शोधणाऱ्यांना तुम्ही चाळिसाव्या जागी दिसताय आणि गाळ्यात थ्रेड रोलिंगचं मशिन आहे, पण त्याचं पान नाही, असं निघालं तर पुढचं पान कोणतं लिहायचं ते ठरलं. एखाद्या पानावर यादीत खूप दिसूनही कुणी येत नसेल, तर शीर्षक बदलून बघा. बदल केल्याची तारीख वहीत टिपा. परिणाम कधी दिवसांत दिसतो, कधी काही महिने लागतात. म्हणून दर आठवड्याला सगळं उलटसुलट करू नका.

या आठवड्यात एकच पान लिहा, सगळ्यात जास्त चालणाऱ्या मशिनचं. मजकूर सेटरला वाचून दाखवा. आकड्यांमधली चूक तो लगेच पकडेल. पुढच्या लेखांकात ग्राहकांचे अभिप्राय : ते कसे मागायचे आणि वाईट अभिप्रायाला काय उत्तर द्यायचं.