मोटारीच्या अर्थिंगची तार किती जाड असावी?

विजेच्या मोटारींतील तारेचें वेष्टन झिजून ती लोखंडी कवचाला टेकली, म्हणजे कवचांत वीज उतरते व हात लावणाराच्या जिवावर बेततें. अशा वेळीं अर्थिंगच्या तारेनें इतका मोठा प्रवाह परत न्यावा कीं, ब्रेकरनें तो तत्काळ तोडावा. म्हणून तिची जाडी सामान्यतः ब्रेकरच्या क्षमतेवरून ठरवितात.

मोटारीच्या बाबतींत मात्र अडचण येते. सुरू होतांना ती नेहमीच्या सुमारें सहापट प्रवाह ओढते. त्यामुळें ब्रेकर मुद्दाम मोठा ठेवावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत्-संहितेप्रमाणें ४६० व्होल्टच्या, १० अश्वशक्तीच्या थ्री-फेज मोटारीचा प्रवाह १४ अँपिअर धरतात. पुरवठ्याच्या तारा सव्वापट, म्हणजे १७.५ अँपिअर सोसणाऱ्या हव्यात, ३.३ चौरस मिलिमीटर तांब्याची तार घातली तर पुरते. ब्रेकर अडीचपट, म्हणजे ३५ अँपिअरपर्यंत चालतो, आणि त्याकरितां कोष्टक अर्थिंगला ५.३ चौरस मिलिमीटरची तार सांगतें!

यावर संहितेचा तोडगा असा: अर्थिंगची तार पुरवठ्याच्या तारेहून जाड असण्याचें कारण नाहीं. दोषाचा प्रवाह पुरवठ्याच्या तारेंतूनच येतो. ती जें सोसते, तें तेवढीच जाड तार सोसते. अर्थात् येथें ३.३ पुरे. त्याहून बारीक तार घालून चार पैसे वाचविणें मात्र जिवाशीं खेळ होय.